अब्रूची खंडणी

मराठ्यांचा इतिहास वाचणाऱ्यास ‘खंडणी’ हा शब्द नवा नाहीं. मुलूख लुटूं नये, गांव जाळूं नये, उभ्या पिकांत घोडीं घालूं नयेत, म्हणून एखाद्या बलवानास ठरवून दिलेला पैसा म्हणजे खंडणी. इंग्रजींत ज्यास ‘ब्लॅकमेल’ म्हणतात त्याचें मूळहि थेट असेंच आहे, हें मात्र फारसें कोणाच्या ध्यानांत नसतें. त्या शब्दांतील ‘मेल’ म्हणजे टपाल नव्हे. जुन्या स्कॉटिश बोलींत ‘मेल’ म्हणजे धारा, जमिनीचा खंड. इंग्लंड आणि स्कॉटलंड ह्यांच्या सरहद्दीवर सोळाव्या शतकांत गुरें हांकून नेणाऱ्या टोळ्यांचा सुळसुळाट होता. आपलीं गुरें वांचावींत म्हणून तेथील शेतकरी त्या टोळ्यांच्या नायकांस जो हप्ता देत, तो ‘काळा धारा’. हा प्रकार इतका बोकाळला कीं, इंग्लंडच्या पार्लमेंटास १६०१ सालीं उत्तरेकडील परगण्यांपुरता त्याविरुद्ध खास कायदा करावा लागला. पुढें गुरें सुटलीं, सरहद्दी शांत झाल्या, आणि तोच शब्द माणसाच्या नांवलौकिकावर घातलेल्या धाडीस लागू झाला.

‘अब्रू’ ह्या शब्दाचीहि फोड पाहण्यासारखी आहे. फारशी भाषेंत ‘आब’ म्हणजे पाणी आणि ‘रू’ म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचें पाणी. आजकाल जी खंडणी मोबाइलच्या पडद्यावरून मागितली जाते, तिच्यांत सारा खेळ माणसाचा चेहरा हस्तगत करण्याचाच असतो. शब्दांच्या मागें दडलेलीं चित्रें कधीं कधीं अशीं अक्षरशः खरीं होतात.

ही नवी खंडणी मुंबईच्या उपनगरांत, पुण्यांत, नाशकांत, किंबहुना जेथें जेथें मोबाइल पोंचला आहे तेथें तेथें रोज मागितली जात आहे. एखादी अनोळखी स्त्री मैत्रीची विनंति धाडते, रात्रीं व्हिडिओ कॉल करते, आणि दुसऱ्या मिनिटास पैशाची मागणी सुरू होते. लोक तिला कलियुगाची करणी म्हणून मोकळे होतात. परंतु तिला नवी म्हणण्याआधीं तिची वंशावळ पाहणें जरूर आहे. कारण तिच्यावरचा उतारा त्या वंशावळींतच सांपडतो.

इंग्लंडांत अठराव्या शतकापर्यंत असा समज होता कीं, जबरी चोरी ठरण्यास अंगाला हात तरी लागला पाहिजे किंवा शस्त्र तरी दिसलें पाहिजे. १७७९ सालीं लंडनांत एक खटला उभा राहिला. उमराव घराण्यांतील एका तरुणास रस्त्यांत गांठून एका इसमानें पैसे मागितले. दिले नाहींत तर तुझ्यावर अनैसर्गिक वर्तनाचा आरोप करीन, एवढेंच तो म्हणाला. शस्त्र नव्हतें, मारहाण नव्हती. तरुणानें भिऊन पैसे काढून दिले. हा गुन्हा कोणता, असा प्रश्न न्यायाधीशांपुढें आला. त्यांनीं एकमतानें ही जबरी चोरीच ठरविली. देहाची भीति आणि नांवाची भीति ह्यांत कायद्यानें भेद करूं नये, कारण दोहोंतहि माणूस आपल्या इच्छेनें पैसे देत नाहीं, हें त्या निकालाचें सार होय.

हिंदुस्थानांत हाच विचार अधिक स्वच्छ रूपानें आला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालीं जें कायदेमंडळ नेमलें होतें, आणि ज्यांत मुंबई इलाख्यातर्फे जॉर्ज अँडरसन हे होते, त्यानें दंडसंहितेचा मसुदा १८३७ सालीं तयार केला. तो वीस-बावीस वर्षें दप्तरांत पडून राहिला. १८६० सालीं त्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अमलांत आला. त्या कायद्याचें ३८३ वें कलम खंडणीचें. मराठी कायदेपुस्तकांत त्यास ‘बलाद्ग्रहण’ असें भारदस्त नांव आहे. ह्या कलमाखालीं गुन्हा समजावा म्हणून कांहीं उदाहरणें दिलेलीं आहेत. त्यांतलें पहिलें उदाहरण कोणतें असावें? दरोडेखोराचें? मुलास पळवून नेणाऱ्याचें? तें उदाहरणहि तेथें आहे, पण दुसऱ्या क्रमांकावर. पहिलें उदाहरण आहे तें बदनामीकारक मजकूर छापण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्याचें. शिवाय ‘नुकसान’ ह्या शब्दाची व्याख्या करतांना त्याच संहितेनें देह, मन, नांवलौकिक आणि मालमत्ता हीं चारहि एका ओळींत बसविलीं. म्हणजे छायाचित्राची कला अजून बाल्यावस्थेंत होती, टेलिफोन जन्मास यावयाचा होता, त्या काळीं ह्या देशाच्या कायद्यानें अब्रूच्या खंडणीस खंडणीच म्हटलें होतें, आणि जो भ्याला त्यास अपराधी न धरतां जखमी धरलें होतें. ही गोष्ट शाळेंतल्या नागरिकशास्त्रांत शिकविली जात नाहीं, ह्याचें नवल वाटतें.

तथापि त्याच कायद्यांत एक विसंगति होती. ३८८ आणि ३८९ ह्या कलमांनीं, गंभीर गुन्ह्याचा आरोप करण्याची धमकी देऊन पैसा उकळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. आणि आरोप ३७७ व्या कलमाचा, म्हणजे अनैसर्गिक संबंधाचा असेल, तर जन्मठेपेपर्यंत. कारण उघड होतें. असा आरोप करणाऱ्याच्या हातीं केवढें शस्त्र आहे, हें कायदा करणाऱ्यांस ठाऊक होतें. पण तें शस्त्र ३७७ व्या कलमानें त्यांनींच घडवून दिलें होतें! प्रौढांच्या परस्परसंमतीच्या खासगी वर्तनापुरतें तें कलम सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं निष्प्रभ केलें, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें उरलेंच नाहीं. तरीहि त्या नांवानें धमक्या अजून येतात. ज्यास हा बदल ठाऊक नाहीं तो अजून भितो.

आतां एका राजपुत्राची हकीकत. ती घडली पॅरिसांत आणि उघडकीस आली लंडनांत. पण जो तिचा नायक, तो उतारवयांत मुंबईकर होऊन २६ एप्रिल १९६१ रोजीं मुंबईंतच वारला. काश्मीरचे महाराज प्रतापसिंह ह्यांचे पुतणे व वारस हरिसिंह १९१९ सालच्या नाताळांत पॅरिसच्या एका हॉटेलांत उतरले होते. लंडनांत ओळख झालेली एक विवाहित इंग्रज बाई त्यांच्या समवेत होती. एके दिवशीं खोलीचें दार उघडून एक परका पुरुष आंत शिरला आणि आपण त्या बाईचा नवरा असल्याचा त्यानें आव आणला. वास्तविक तो नवरा नव्हता. कटांतला एक साथीदार होता. राजपुत्राचा स्वतःचा इंग्रज एडीसी कॅप्टन आर्थर हाहि त्या कटांत सामील होता, हें विशेष. संकटांत सल्ला द्यावयास जो जवळ, तोच फितूर! फारकतीचा दावा, वर्तमानपत्रें, इंग्रज सरकारची इतराजी आणि हातची जाऊं शकणारी गादी हें सारें त्या तरुणाच्या डोळ्यांपुढें उभें राहिलें. त्यानें दीड-दीड लाख पौंडांचे दोन चेक लिहून दिले.

येथपर्यंतची गोष्ट अनेकांस ऐकून ठाऊक असते. तिचें खरें शिक्षण पुढच्या भागांत आहे. पहिला चेक वटला. दुसरा मात्र वेळेवर थांबविण्यांत आला. त्याचा एक पौंडहि टोळीस मिळाला नाहीं. मग टोळीनें काय केलें? धमकीप्रमाणें तिनें कोर्टांत धाव घेतली काय, वर्तमानपत्रांत छापलें काय? तसें कांहीं घडलें नाहीं. चार वर्षें सर्वत्र शांतता होती. धमकी बजावण्यांत चोरांचाच घात होता. ती बजावली कीं विकावयास कांहीं उरत नाहीं, आणि पोलीस मात्र दाराशीं येतात. ही भानगड शेवटीं बाहेर आली ती राजपुत्रानें पैसे दिले नाहींत म्हणून नव्हे, तर चोरांचें आपसांत वांटणीवरून भांडण झालें म्हणून. बाईच्या खऱ्या नवऱ्यास आपल्या हातीं अगदीं थोडा वांटा आला असें वाटलें, आणि त्यानें १९२४ सालीं लंडनांत मिडलँड बँकेवरच दावा लावला. न्यायालयांत राजपुत्राचें नांव झांकून ‘मिस्टर ए’ असें म्हणण्यांत येई. त्या पडद्याआड कोण आहे हें थोड्याच दिवसांत साऱ्या जगास कळलें. टोळीचा सूत्रधार हॉब्स नांवाचा एका वकिलाचा कारकून होता. त्यास १९२५ च्या मार्चमध्यें दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षीं प्रतापसिंह वारले, आणि ज्या गादीच्या भीतीनें दीड लाख पौंड गेले होते त्या गादीवर हरिसिंह निर्वेधपणें बसले. अब्रू गेली असें जगानें म्हटलें, चार दिवस हंसलें, आणि जग पुढच्या बातमीकडे वळलें.

राजपुत्राचें निभावलें, त्याच्यापाशीं पैसा होता, वकील होते. निभावलें नाहीं तें ज्यांच्यापाशीं ह्यांपैकीं कांहींच नव्हतें त्यांचें. १९९४ सालीं जळगांवचें प्रकरण उजेडांत आलें. मुलींस व स्त्रियांस जाळ्यांत ओढून, त्यांचीं छायाचित्रें व चित्रफिती ह्यांचा धाक दाखवून त्यांस पुन्हां पुन्हां छळल्याचा तो आरोप होता. महाराष्ट्र हादरला, तपास अरविंद इनामदार ह्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याकडे सोंपविला गेला. पण तक्रार द्यावयास आणि साक्षीस उभें राहावयास फार थोड्या स्त्रिया पुढें आल्या. ज्यांची चूक नव्हती त्यांनाच तोंड लपवावें लागलें. लग्न ठरलेल्या मुली, नांदत्या सुना, ह्यांनीं न्यायालयाच्या पिंजऱ्यांत उभें राहून काय सांगावें आणि कोणाच्या भरंवशावर सांगावें? पुढें अनेक आरोपी निर्दोष सुटले. पुराव्याच्या कायद्यांतील त्रुटी, तपासांतील उणिवा, हीं कारणें असतील तीं असोत. पण मोठें कारण गांवाच्या जिभेंत होतें. छायाचित्र काढणाऱ्याइतकाच त्याची कुजबूज करणारा दोषी असतो, हें जळगांवकरांनींच नव्हे तर आपण सर्वांनींच ओळखावयास हवें होतें.

त्यानंतर कॅमेरा मोबाइलांत शिरला आणि खिशांत आला. माहिती तंत्रज्ञानाचा कायदा २००० सालीं झाला. त्यांत २००८ सालीं केलेल्या दुरुस्त्या २७ ऑक्टोबर २००९ पासून अमलांत आल्या. कोणाच्या खासगी अवयवांचें चित्र त्याच्या संमतीवांचून टिपणें वा पसरविणें हा ६६ ई कलमाखालीं गुन्हा झाला, मग तो पुरुष असो कीं स्त्री. उघड लैंगिक चित्रें प्रसृत करणें हा ६७ ए खालीं पांच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा झाला. कायदा असा हळूहळू पावलें टाकीत असतां खंडणीखोरांनीं मात्र उडी मारली.

राजस्थानांतील अलवर व भरतपूर आणि हरियाणांतील नूह ह्यांच्या दरम्यानचा जो मेवात नांवाचा मुलूख, तेथें एक जुनी ठकबाजी चालत असे. पितळेच्या विटेस सोन्याचा मुलामा देऊन ती पुरलेलें धन म्हणून वाटसरूस विकावयाची. तिला तिकडे ‘टटलू’ म्हणत. पुढें ह्याच ठकांतले कांहीं जण मोबाइलवर जुन्या गाड्या विकूं लागले. आपण सैन्यांत आहों, बदली झाली आहे, म्हणून स्वस्तांत देतों, असें सांगत. २०२० सालीं टाळेबंदींत सारा देश घरांत कोंडला गेला, माणसें एकाकी झालीं, आणि त्या एकाकीपणावर व्हिडिओ कॉलचा नवा धंदा उभा राहिला. त्या मुलखांतले सारेच लोक तसले, असें म्हणणें अन्यायाचें होईल. पुष्कळ कष्टाळू शेतकरी आणि गाडीवाले तेथें आहेत. हा धंदा तेवढ्या मुलखापुरताहि उरलेला नाहीं. पण वीट, गाडी आणि चेहरा ह्या तिहींतला धागा एकच आहे. गिऱ्हाईकानें फसगत झाल्यावर लाजेनें गप्प बसावें, ह्यावर तिन्ही धंदे उभे आहेत. पुरलेलें सोनें गुपचूप घेणारा पोलिसांत कोणत्या तोंडानें जाईल?

२०२२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत पुण्यांत अशा धमक्यांस कंटाळून दोन तरुणांनीं आपलें जीवन संपविलें. त्यांपैकीं एका प्रकरणाचा माग काढीत पुणें पोलिसांचें पथक अलवर जिल्ह्यांतील एका खेड्यांत पोंचलें आणि नोव्हेंबरांत तेथून एकास पकडून आणिलें. मागितलेली रक्कम कांहीं हजारांची होती. कांहीं हजार रुपये आणि एक उमेदीचा जीव, असा तो हिशेब आहे. त्याच वर्षीं मुंबईंत कर्ज देणाऱ्या मोबाइल-ॲपांचे वसुलीवाले ऋणकोच्या छायाचित्रास दुसऱ्याचें नग्न शरीर जोडून तें त्याच्या आप्तेष्टांस धाडीत होते. त्यानेंहि बळी घेतला. तेथें तर मूळ चूकहि नव्हती. आजच्या यंत्रबुद्धीस कोणाचेंहि साधें छायाचित्र दिलें कीं ती हवें तसें खोटें चित्र घडवून देते. त्यामुळें ‘आपण असलें कांहीं केलेंच नाहीं, मग आपणांस भय कशाचें’ असें म्हणणाऱ्या गृहस्थासहि स्वस्थ बसतां यावयाचें नाहीं.

धंद्याची रीत मरोळच्याच उदाहरणानें पाहूं. मरोळ हें साष्टी बेटावरचें जुनें गांव. १७३७ पर्यंत तेथें पोर्तुगीजांचा अंमल होता, मग १७७४ पर्यंत पेशव्यांचा, पुढें इंग्रजांचा. भाताचीं शेतें जाऊन औद्योगिक वसाहत आली. १९७३ सालीं शेजारीं सीप्झ उभें राहिलें. २०१४ सालीं पहिली मेट्रो आली, आणि २०२४ पासून मरोळ नाक्यावर दोन मेट्रोमार्ग एकमेकांस मिळतात. गांवठाणांतील जुनीं ख्रिस्ती घराणीं, चाळी, उंच इमारती, आणि परगांवाहून येऊन चौघांत एक खोली करून राहणारे नोकरदार तरुण, असा तेथील आजचा वस्तीचा मेळ आहे. समजा, अशाच एका खोलींतील तरुणास, अगर समोरच्या इमारतींतील एखाद्या पेन्शनर गृहस्थास, फेसबुकावर अनोळखी स्त्रीची मैत्रीची विनंति येते. खातें नवें असतें, त्यावर चित्रें तीन-चार, ओळखीचें माणूस एकहि नसतें. दोन वाक्यांतच ती व्हॉट्सॲपचा नंबर मागते. ही घाई हीच पहिली खूण. मैत्रीस वेळ लागतो; सावजास लावून चालत नाहीं.

रात्रीं व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर एक स्त्री विवस्त्र होतांना दिसते. ती बहुधा तेथें नसतेच. आधींच कोठूनतरी मिळविलेली चित्रफीत दुसऱ्या मोबाइलवर लावलेली असते. तिचे ओठ आणि ऐकूं येणारे शब्द जुळत नाहींत, किंवा आवाजच नसतो आणि ती लिहून बोलते. ही दुसरी खूण. तेवढ्या वेळांत इकडचा चेहरा टिपला जातो. गृहस्थानें कांहीं केलें असो वा नुसता कॉल उचलून चकित होऊन पाहिलें असो, चित्रफीत तयार होते. मग तीच चित्रफीत त्याच्याच मोबाइलवर येते. सोबत त्याच्या भावाचें, मेहुण्याचें, कचेरींतल्या साहेबाचें नांव असलेली यादी येते आणि दहा मिनिटांची मुदत येते. यादी कोठून आली? ती त्यानें स्वतःच आपल्या खात्यावर सर्वांस दिसेल अशी उघडी ठेवलेली असते.

पैसे दिले कीं पहिला अंक संपतो आणि दुसरा सुरू होतो. दुसऱ्या दिवशीं ‘दिल्ली सायबर क्राइम’चा कोणी अधिकारी बोलतो. नंबराशेजारीं गणवेषाचें छायाचित्र झळकतें. तुमच्यावर तक्रार आली आहे, ती बाई मेली आहे, अटक टाळावयाची असेल तर अमुक भरा, असें तो सांगतो. तिसरा कोणी ‘यूट्यूबचा माणूस’ म्हणून येतो आणि चित्रफीत पुसण्याची फी मागतो. हीं तिन्ही सोंगें बहुधा एकाच टोळीचीं असतात, कधीं तर एकाच खोलींतलीं. पॅरिसच्या हॉटेलांत जो खोटा नवरा दार उघडून आला, त्याचाच हा खोटा फौजदार वंशज आहे. खरा पोलीस यूपीआयवर पैसे मागत नाहीं, आणि व्हिडिओ कॉलवर अटकहि करीत नाहीं. तोतया अधिकारी बनणें हा स्वतंत्र गुन्हा आहे. न्याय संहितेचें २०४ वें कलम त्यासाठींच आहे.

येथें मिस्टर ए च्या दुसऱ्या चेकची आठवण ठेवावी. टोळीपाशीं एकाच वेळीं कित्येक सावजें असतात. ज्यानें दिलें त्याच्या नांवापुढें खूण होते आणि त्यास पुन्हां पिळतात. जो देत नाहीं आणि बोलत नाहीं त्याच्यावर वेळ घालविणें त्यांस परवडत नाहीं, म्हणून बहुधा तो सुटतो. बहुधा, नेहमीं नव्हे. कधीं कधीं दोन-चार आप्तांस चित्रफीत धाडलीहि जाते, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. पण ती पैसे देणाऱ्याचीहि धाडली जाते. पैशानें मौन विकत मिळत नाहीं. मिळते ती पुढच्या मागणीची तारीख.

म्हणून कॉल तोडावा, उत्तर देऊं नये, विनवण्या करूं नयेत, शिवीगाळहि करूं नये. रागाच्या भरांत किंवा लाजेनें सारे संदेश पुसून टाकण्याची इच्छा अनावर होते. तीच आवरावयाची असते, कारण तोच पुरावा. नंबर, संदेश, खात्याचें नांव, यूपीआयचा पत्ता, पैसे गेले असतील तर त्या व्यवहाराचा क्रमांक व वेळ, ह्या सर्वांचीं पडद्यावरचीं चित्रें काढून ठेवावींत आणि मगच तो नंबर बंद करावा. फेसबुकावरची मित्रांची यादी झांकावी. पैसे गेले असतील तर बँकेस कळवून ताबडतोब १९३० ह्या क्रमांकावर फोन करावा. तक्रार लवकर गेली तर समोरच्या खात्यांतील रक्कम गोठवितां येते. उशीर झाला कीं ती दहा खात्यांतून फिरून निघून जाते. ह्या सेवेचा क्रमांक २०२१ सालीं सहा आंकडी होता, तो लक्षांत राहीना. पुढें तो १९३० झाला. जुन्या पार्लेकरांस तो शिकवावा लागणार नाहीं, कारण मिठाच्या सत्याग्रहाचें तें साल आणि विलेपार्ल्याच्या छावणीचेंहि. पैसे गेले नसले तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावर तक्रार लिहितां येते. २०१९ पासून तें देशभर चालू आहे.

पोलीस ठाण्यांत जावयास पुष्कळांचे पाय अडखळतात, आणि तें स्वाभाविकहि आहे. दोन गोष्टी मात्र ठाऊक असाव्यात. प्रौढ माणसानें आपल्या खोलींत खासगी कॉल घेतला, एवढ्यानें तो गुन्हेगार होत नाहीं. गुन्हेगार तो, ज्यानें टिपून धमकाविलें. खंडणीस आतां न्याय संहितेच्या ३०८ व्या कलमाखालीं सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पूर्वीं ती तीन वर्षांपर्यंत होती. दुसरी गोष्ट अशी कीं, गुन्हा अलवरांत घडला कीं अंधेरींत, हें ठरविण्याचें ओझें तक्रारदारावर नाहीं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमाप्रमाणें कोणत्याहि ठाण्यांत फिर्याद देतां येते. ‘हें आमच्या हद्दींत येत नाहीं’ हें उत्तर कायद्यास मान्य नाहीं. चित्रें पसरण्याची भीति असेल, तर २०२१ च्या डिसेंबरापासून ब्रिटनांतील एका साहाय्यसंस्थेनें ‘स्टॉप एनसीआयआय’ नांवाची सोय प्रौढांसाठीं चालविली आहे. तेथें मूळ चित्र द्यावें लागत नाहीं. त्या चित्राचा एक प्रकारचा ठसा आपल्याच मोबाइलवर तयार होतो आणि फेसबुक, इन्स्टाग्राम वगैरे सहभागी कंपन्या त्या ठशाशीं जुळणारें चित्र अडवितात. अठरा वर्षांखालील मुलांसाठीं अशीच ‘टेक इट डाउन’ ही अमेरिकेंतील सोय आहे, आणि त्यांच्या बाबतींत २०१२ च्या पोक्सो कायद्याचें संरक्षण आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे.

हें सारें लिहितांना जो प्रश्न राहतो तो कायद्याचा नव्हे, घराचा आहे. सुशिक्षित घरांत अब्रूविषयीं जितकें बोललें जातें, तितकें ती संकटांत सांपडल्यावर काय करावें ह्याविषयीं बोललें जात नाहीं. वीस वर्षांचा मुलगा रात्रीं बापाच्या खोलीशीं येऊन उभा राहतो, बोलावें कीं न बोलावें ह्या विचारांत दाराची कडी धरून ठेवतो आणि परत जातो. त्या कडीपासून खोलीपर्यंतचें अंतर मुलानें एकट्यानें तोडावें ही अपेक्षा फार कठोर आहे. बापानें एखाद्या संध्याकाळीं, वर्तमानपत्रांतली असली बातमी सर्वांदेखत मोठ्यानें वाचून, ‘आपल्याकडे कोणावर असें आलें तर आधीं मला उठवावें, मग रात्रीचे दोन कां वाजलेले असेनात’ असें म्हणून ठेवलें, तर टोळीनें दिलेल्या दहा मिनिटांच्या मुदतींत तेंच वाक्य मुलाच्या कानांत वाजेल. आणि तो खरोखर उठवावयास आला, तर त्या क्षणीं ‘तूं असें केलेंसच कां’ हा प्रश्न विचारावयाचा नसतो. तो दुसऱ्या दिवशींहि विचारतां येतो. कित्येकदां विचारण्याची गरजहि उरत नाहीं.

परगांवीं एकट्यानें राहणाऱ्यास असा बाप जवळ नसतो. त्यानें खोलींतल्या एका तरी सोबत्यास उठवावें. तोहि नसेल आणि मन फारच खचूं लागलें, जगणें नको वाटूं लागलें, तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक आहे. सरकारनें तो १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केला, आणि तेथें मराठींत बोलणारें माणूस मिळतें. तेथें नांव सांगावें लागत नाहीं. सकाळ झाली कीं मोबाइल व तीं काढून ठेवलेलीं चित्रें घेऊन, सोबत्याला बरोबर घेऊन, जवळचें ठाणें गांठावें. कचेरीस त्या दिवशीं थोडा उशीर होईल, एवढेंच.